घराचे दार आणि मोटारसायकलचा खटका

म्हैसूरच्या यादवगिरी भागात एके काळी आयडियल जावा कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना होता. रुस्तुम व फारोख इराणी यांनी १९६० साली स्थापन केलेल्या या कंपनीने चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेल्या गाड्या बनविल्या. पुढे त्या येझदी या नावाने निघू लागल्या. १९९६ साली कारखाना बंद पडला. परंतु त्या गाड्या जपून चालविणारे लोक आजही आहेत. अशी गाडी घेऊन भर पावसात घरी परतणाऱ्याला गॅरेजचे दार उघडण्यासाठी खाली उतरावे लागते, गाडी स्टँडवर लावावी लागते आणि कित्येकदा बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करावे लागते. हा त्रास टाळणारे साधन घरच्या घरी बसविता येते. ते बसविताना कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात, हे या पाठात पाहावयाचे आहे.

अशा योजनेचे तीन भाग असतात. गाडीवरील प्रेषक रेडिओलहरींच्या रूपाने एक सांकेतिक क्रमांक पाठवितो. दारापाशी असलेला ग्राहक तो क्रमांक ओळखतो. क्रमांक जुळल्यास ग्राहकातील रिले मोटरचे मंडल पूर्ण करतो व दार वर सरकते. खटका दाबणाऱ्याच्या हातून दाराला जोर मिळत नाही, केवळ आज्ञा मिळते. त्यामुळे प्रेषकाला फारच थोडी वीज पुरते.

तरीही खरी अडचण या थोड्या विजेचीच असते. जुन्या जावा गाडीची विद्युतयोजना ६ व्होल्टची आहे. गाडी वेगात असताना डायनामो बॅटरी भारित करतो. परंतु इंजिन मंद फिरू लागले की डायनामोचा दाब उतरतो, तांबडा दिवा लागतो आणि सारा भार बॅटरीवर पडतो. दारापाशी नेमकी हीच स्थिती असते. इंजिन मंद, दिवा चालू आणि त्याच क्षणी खटका दाबावयाचा! बारा व्होल्टसाठी बनविलेला प्रेषक अशा वेळी निकामी ठरतो. पाच व्होल्टचा दाब स्थिर राखणाऱ्या नेहमीच्या नियंत्रकालाही आत सुमारे सात व्होल्ट लागतात; तेही येथे मिळत नाहीत.

म्हणून प्रेषकाला त्याचा स्वतंत्र छोटा घट ठेवणे इष्ट होय. गाडीच्या विजेने फक्त ६ व्होल्टचा एक लहान रिले चालवावा आणि त्या रिलेचे संपर्क प्रेषकाच्या बटणाला समांतर जोडावेत. अशा जोडणीत दोन्ही मंडले परस्परांपासून अलग राहतात. रिलेला जाणारी तार किल्लीच्या खटक्यानंतरच्या टोकापासून घ्यावी आणि तीत लहान फ्यूज घालावा. तसे न केल्यास रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचे बटण येणारा-जाणारा कोणीही दाबू शकेल व घर उघडे पडेल. रिलेच्या वेटोळ्याचा प्रवाह तुटताना उलट दिशेचा क्षणिक दाब उत्पन्न होतो; तो शोषण्यासाठी वेटोळ्यावर एक डायोड उलटा जोडतात. बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडलेले आहे, हे प्रथम व्होल्टमापकाने तपासावे, कारण डायोडची दिशा त्यावरून ठरते.

प्रेषक पत्र्याच्या दिव्याच्या डब्यात लपवू नये, कारण धातू रेडिओलहरी अडवितो. ४३३.९२ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर पाव तरंगलांबीची तार सुमारे १७ सेंटिमीटर भरते. तेवढी जागा धातूपासून दूर मिळावी. स्पार्क प्लगच्या तारेपासूनही अंतर ठेवावे.

आता क्रमांकाचा विचार करू. शिकाऊ विद्यार्थ्यांच्या संचांत आढळणाऱ्या एचटी-१२ई या मंडलात पत्त्याची आठ टोके असतात. त्यांपासून २५६ क्रमांक होतात. एवढे क्रमांक एकामागून एक तपासून पाहणे अवघड नाही. शिवाय क्रमांक कायमचा एकच असल्याने, कोणी तो एकदा टिपून पुन्हा पाठविला तर दार उघडते. जेथे गॅरेजमधून घरात जाता येते, तेथे प्रत्येक दाबागणिक क्रमांक बदलणारा प्रेषकच वापरावा.

याहून गंभीर धोका दार बंद होताना असतो. खाली येणाऱ्या दाराखाली मुले सापडून मृत्युमुखी पडल्याने अमेरिकेत कायदा करावा लागला. १ जानेवारी १९९३ पासून तेथे बनणाऱ्या घरगुती यंत्रांना, अडथळा लागताच दार उलटे फिरविण्याखेरीज प्रकाशकिरणासारखे आणखी एक संरक्षण बंधनकारक झाले. घरगुती बनावटीच्या यंत्रात हे संरक्षण आपोआप येत नाही. ते योजावे लागते. ज्या शटरला वर, खाली व थांबा अशी स्वतंत्र टोके आहेत, तेथे गाडीवरील खटका केवळ ‘वर’ या टोकाला जोडावा. दार खाली आणण्याचे बटण आत भिंतीवर असावे, आणि ते दाबून धरले असेतोवरच दार खाली यावे. दाबणाऱ्याची नजर दारावर राहते आणि हात उचलताच दार थांबते. एकाच बटणाने उघडमीट करणाऱ्या यंत्राला मात्र प्रकाशकिरणाचा अडसर बसविल्यावाचून ही जोडणी करू नये.

जोडणी पुरी झाल्यावर पहिली चाचणी इंजिन मंद ठेवून, दिवा लावून व घरातील सर्वांना दारापासून दूर उभे करून घ्यावी.