दुर्बिणीची वेळ आणि पोथ्यांचा संग्रह

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या जोडीने खगोलभौतिकीचेही अध्यापन होते. तेथील अभ्यासकास रेडिओ-निरीक्षण करावयाचे झाल्यास पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटीकडे प्रस्ताव पाठविता येतो. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत. त्यांचे संदेश एकत्र जुळविले म्हणजे एकच विशाल दुर्बीण सिद्ध होते.

साहित्याच्या अभ्यासकांस ही रीत अपरिचित वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही विखुरलेल्या पोथ्यांचे पाठ ताडूनच. शांतिनिकेतन व तंजावर येथेही पाठभेद नोंदविण्याचे काम चाले. तथापि तेथे प्रश्न एकच होता आणि तो संपादकांनी ठरविलेला होता. खोडदला प्रश्न बाहेरून, देशोदेशींहून येतात. समिती प्रस्तावांची गुणवत्ता पाहून वेळ वाटून देते. निरीक्षणांच्या नोंदी ठरावीक मुदतीपर्यंत प्रस्तावकाकडे राहतात. पुढे त्या इतरांसही खुल्या होतात. प्रथम परिश्रमाचा मान राखला जातो आणि विद्याही अडून राहत नाही.

आपल्या अनेक हस्तलिखितसंग्रहांत पोथी पाहावयास मिळणे आजही व्यक्तिगत ओळखीवर अवलंबून असते. पोथ्या जतन झाल्या. त्यांच्या वापराचा न्याय्य नियम मात्र अद्याप घडावयाचा आहे.