लिहिण्याकडे घरखर्च मागू नकोस

अमरावती,
20 एप्रिल

चि. मुक्ता,


तुझे परवा रात्रीचे सगळे मेसेज वाचले. मध्यरात्री लिहिलेलं सकाळी चहाबरोबर वाचलं की आहे त्याहून भयंकर वाटतं, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, तेव्हा हे कागदावर.

तक्रारींची चांगलीच सरमिसळ होती. गेल्या जुलैत दिवाळी अंकाला पाठवलेली कथा आत्ता कुठे परत आली, तीही दोन ओळींच्या ईमेलने. लघुप्रबंधाचं तिसरं प्रकरण मॅडमनी लाल शाईने रंगवून दिलं. मेअखेर वसतिगृहाची खोली सोडायची आहे आणि दादा, म्हणजे तुझा बाबा, रोज फोन करून ‘पुढे काय?’ म्हणून विचारतो. शिवाय खोलीतल्या मैत्रिणीची कविता एका मासिकात छापून आली, तिने मजलाभर पेढे वाटले आणि तुलाही एक खावा लागला. या सगळ्यात पेढ्याचं दुःख मला सर्वांत खरं वाटलं. बाकीच्यांवर तू पानपानभर लिहिलं आहेस, त्यावर मात्र एकच ओळ.

ते फार मनाला लावून घेऊ नकोस. लिहिणाऱ्याला मत्सर वाटतोच. मोठमोठे पुरस्कार मिळालेल्यांनाही वाटतो, मी जवळून पाहिलं आहे. फक्त ती कविता एकदा नीट वाच. त्यात एखादी ओळ आवडली तर कुठली आणि का ते तिला सांग. आवडली नाही तर गप्प बस. ‘छान आहे गं’ म्हणून सुटका करून घेऊ नकोस, त्यात दोघींचंही नुकसान आहे.

आता कथेचं. ‘संपादकांना माझं लिखाण कळलंच नाही’ असं तू लिहिलंस. अगं, कळायला आधी वाचून व्हावं लागतं. मी इतकी वर्षं दिवाळी अंकांची मुद्रितं तपासली, तेव्हा कचेरीतलं टेबल कसं असतं ते सांगते. जून-जुलैत मजकूर यायला लागतो. नावाजलेल्या लेखकांना आधीच पत्रं गेलेली असतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचा मजकूर गणपती आले तरी आलेला नसतो. त्यांच्यासाठी जागा राखून जी उरते तिच्यासाठी तुझ्यासारख्यांचा गठ्ठा. अंकाचा खर्च निघतो जाहिरातींवर. जाहिरातींचा अंदाज आला की पानं ठरतात आणि जाहिराती कमी पडल्या की अख्खा फर्मा काढावा लागतो. फर्मा आठ पानांचा नाहीतर सोळा पानांचा, त्यातलं सुटं एखादं पान काढता येत नाही. अशा वेळी कोणाची कथा जाते? ज्याचा दुसऱ्या दिवशी चिडून फोन येणार नाही त्याची. म्हणजे तुझी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा नवख्यांचं काय होत होतं कोणास ठाऊक, मी पाहिलं ते हे असं.

पूर्वी सगळं चांगलं होतं असं म्हणायची मला सवय नाही, पण एक गोष्ट खरोखरच गेली. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा कुठे सैल पडली आहे ते नवख्या लेखकालाही कळवत, पुन्हा लिहायला लावत. त्याचा जाच होणारेही पुष्कळ होते. 1969 साली लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळलासुद्धा. 1982 साली ते मासिक बंद पडलं आणि तसं बसून काम करणारे संपादक आता शोधावे लागतात. त्यामुळे कथा का परत आली हे तुला कोणी सांगणार नाही. त्या दोन ओळींच्या ईमेलवरून कथा टाकाऊ ठरत नाही, आणि संपादक मूर्खही ठरत नाही. त्या ईमेलमधून काहीच अर्थ काढता येत नाही, तेव्हा काढू नकोस.

म्हणून ते काम मी केलं. कथा हातात पेन्सिल घेऊन वाचली.

पिको-फॉल करणारी तुझी शोभा मला आवडली. ती फॉल आधी बादलीत भिजत घालते, वाळवते, इस्त्री फिरवते आणि मगच साडीला लावते. मागच्या गल्लीतली दुसरी बाई कोरा फॉल तसाच मारते, कमी पैशांत, तासाभरात. शोभाची गिऱ्हाइकं तिकडे वळतात. पहिल्या धुण्यात फॉल आटेल, काठ गोळा होईल, मग येतील परत, अशी शोभा वाट बघत बसते. आणि कोणी येत नाही, कारण त्या साड्या धुवायच्याच नाहीत. लग्नात एकदा नेसायच्या आणि कपाटात ठेवायच्या. मुक्ता, हे तुझं तुला सापडलेलं आहे. हे वाचल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली होती.

ती चौथ्या पानावर पुन्हा उचलावी लागली. तिथे शोभाला ‘आपल्या अस्तित्वाचे पदर उसवत चालल्याची परात्म जाणीव’ होते. शोभाला ती होणार नाही. ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला होते. शोभाला या महिन्यात दोऱ्याच्या रिळांचेही पैसे सुटले नाहीत, एवढं कळतं. तेवढं पुरे. पहिली दीड पानंही काढून टाक. खिडकीतून पाऊस बघणाऱ्या बाया मी शेकड्याने वाचल्या आहेत. तुझी कथा बादलीत फॉल पडतो तिथे सुरू होते.

पण ‘एम.ए.ने माझं लिहिणं बिघडवलं’ हे मला मान्य नाही. परात्मता, मूल्यभान, अवकाश या शब्दांना लघुप्रबंधात काम आहे, तिथे ते खुशाल वापर. कथेत ते आले, कारण शोभाबद्दल तुला पुढे काही सुचेना आणि हे शब्द हाताशी होते. विजया राजाध्यक्षांनी वर्षानुवर्षं मराठी शिकवलं, आयुष्यभर कथा लिहिल्या, आणि मर्ढेकरांच्या कवितेवरच्या त्यांच्या ग्रंथाला 1993 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अभ्यासाने त्यांची कथा मेली नाही. तुझीही मरणार नाही.

लघुप्रबंधाशी मात्र तू सावत्रपणाने वागते आहेस. मॅडमच्या लाल खुणा तू पाठवलेल्या फोटोंत पाहिल्या. बहुतेक संदर्भांच्या आहेत: इथे पृष्ठक्रमांक नाही, तिथे आवृत्तीचं साल नाही. ही कारकुनी आहे आणि कारकुनी मान खाली घालून उरकायची असते, तिच्यावर रडायचं नसतं. सकाळी जयकर ग्रंथालयात जाऊन बस, पुस्तक हातात घेऊन एकेक पान जुळव, रिफेक्टरीत जेव आणि परत येऊन बस. आठवडाभरात होईल.

मॅडमचा एकच शेरा मोलाचा आहे आणि नेमका त्याचाच तुला राग आलाय. ‘कौतिक हे स्त्रीच्या सोशिकतेचं प्रतीक आहे’ या तुझ्या वाक्यापुढे त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं आहे. बरोबर काढलं आहे. शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली कौतिक दिवसभर राबते, नवरा हातपाय हलवत नाही म्हणून त्याला धारेवर धरते, मुलांचं काहीतरी भलं व्हावं म्हणून जिवाचं रान करते. तिला प्रतीक व्हायला वेळ कुठे आहे? आणि ती वऱ्हाडी बोलते, तुझ्या आजीच्या तोंडची. पुण्यात तुझ्या वर्गात ती भाषा कानाने ओळखणाऱ्या किती जणी असतील? त्यावर तू अर्धं पान खर्च केलंस आणि प्रतीकांवर सहा. उलट कर.

याच ‘धग’वरून दादाच्या प्रश्नाकडे येते. ‘मी फक्त लिहिणार, नोकरी केली की लेखक संपतो’ असं तू त्याला सांगितलंस म्हणे. तो दोन दिवस नीट जेवला नाही. तू दुसऱ्या प्रकरणात लिहिलं आहेस की 1960 साली ‘धग’ आली आणि त्या उंचीचं शेळक्यांनी पुढे काही लिहिलं नाही. वाक्य जरा तुच्छतेने आलंय. अगं, उद्धव शेळक्यांनी लेखनावरच संसार चालवला आणि त्यापायी मागणी येईल तशा भराभर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची प्रतिभा आटली की तिला दम खायला उसंत मिळाली नाही, हे ठरवण्याआधी घरातली खाणारी तोंडं मोजायला हवीत. ज्याने ‘धग’ लिहिली त्याने लिहिण्याकडे घरखर्च मागितला आणि काय झालं ते तुझ्याच प्रबंधात आहे. मराठीत लिहिणं घरखर्च देत नाही. तेव्हा देत नव्हतं, आता तर मानधनाचा चेकही आठवण केल्यावर येतो. ज्याच्याकडून पैशांची अपेक्षा नाही, ते तुला पाहिजे तसं, पाहिजे तितक्या सावकाश लिहिता येईल. मला तुला एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्या पुढेमागे.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले. जयवंत दळवी अमेरिकी सरकारच्या माहिती खात्याच्या मुंबईतल्या कचेरीत होते, व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत, अरुण कोलटकर जाहिरातींच्या धंद्यात. यांतल्या कोणाला अर्धवेळ लेखक म्हणायची तुझी छाती आहे का? तू पंचविशीतल्या नेमाड्यांचं आणि 1963 च्या ‘कोसला’चं उदाहरण माझ्या तोंडावर फेकशील, हे मला ठाऊक आहे. सगळेच फेकतात. त्या साली पंचविशीतल्या आणखी किती जणांनी कादंबऱ्या लिहून फाडल्या, ते कोणी सांगत नाही.

प्राध्यापकी हीच एक वाट आहे असंही नाही. नेट दे, वर्षातून दोनदा होते. जेआरएफची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतील आणि तिची वयोमर्यादा गाठायला तुला अजून अवकाश आहे. पण वसतिगृह सुटू नये एवढ्यासाठी पीएच.डी. धरू नकोस, अशी अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलीस तर जितके तास घेशील तितक्याचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि तेही वेळेवर येतील अशी आशा धरायची. लग्नाच्या बाजारात ‘प्राध्यापक’ म्हणून भाव मिळेल, बँकेच्या पासबुकात तो दिसणार नाही. भाषांतराची कामं आहेत, पाठ्यपुस्तकांची आहेत, शाळा आहे, स्पर्धा परीक्षा आहेत. मुद्रितशोधन सोडून काहीही कर. केंद्र सरकारने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पण मुद्रितं तपासण्याचा पानामागचा दर वाढल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. नोकरी घेताना पगाराबरोबर एवढं बघ की संध्याकाळी घरी आल्यावर डोकं शिल्लक राहतं का. जिथे राहत नाही ती दुप्पट पगाराचीही नको.

राहता राहिला तुझा तो प्रकाशक, जो तुझ्याकडून पैसे घेऊन कथासंग्रह ‘काढून देतो’ म्हणतोय. त्याला नाही म्हणून कळव. हाताशी पाच कथा आहेत, त्यांतली धड एक, तीही अजून कापायची आहे. छापलेल्या प्रती शेवटी आपल्याच माळ्यावर येतील आणि खर्च दादाच्या भविष्य निर्वाह निधीतून झालेला असेल. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंत मिळतो हा हिशोब तू केलेला दिसतोय. तो हिशोब केलेल्यांनी घाईने काढलेली पुस्तकं मी तपासली आहेत, छपाईआधी आणि छपाईनंतरही.

तेव्हा आधी लघुप्रबंध दे. तो जाईपर्यंत शोभाला हात लावायचा नाही. खोली सोडून सरळ इथे ये. उन्हाळा कडक आहे, पण कूलर दुरुस्त करून घेतला आहे आणि मागची खोली रिकामी आहे. कथा इथे बसून पुन्हा लिही, युनिकोडमध्ये टंक आणि जूनअखेरच्या आत दुसऱ्या अंकाला पाठव. एका वेळी एकाच अंकाला, हे विसरू नकोस. आणि आज दादाचा फोन उचल. नेटचा फॉर्म भरते आहेस एवढं त्याला सांग, पंधरा दिवस तो काही विचारणार नाही.

तुझी,
आत्या