ओल, वाफ आणि गॅसचं बिल

ब्रिटनमध्ये नव्याने आलेलं मराठी कुटुंब पहिल्या हिवाळ्यात गॅसचं बिल कमी करायला निघतं, तेव्हा त्याची चाल ठरलेली असते: खिडक्या घट्ट लावायच्या, हीटिंग जमेल तितकं बंद ठेवायचं आणि स्वेटरवर भागवायचं. काटकसर म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण जानेवारीपर्यंत कपाटामागची भिंत काळी पडते, गाद्या दमट लागू लागतात आणि मग घर वाळवायला हीटिंग दिवसभर चालवावं लागतं. म्हणून इथे एकच मुद्दा मांडायचा आहे: घरातल्या ओलीचा बंदोबस्त आधी करा, थर्मोस्टॅटला हात नंतर लावा. कोरड्या घरात 19 अंशही उबदार वाटतात. ओलसर घरात 22 अंशांनाही अंगावर शाल लागते.

आपल्या घरात वाफ किती तयार होते याचा अंदाज सहसा नसतो. सकाळी दोनदा उकळलेला चहा, कुकरच्या शिट्ट्या, आमटी, पूजेआधी सगळ्यांच्या आंघोळी, आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून रेडिएटरवर पसरलेले कपडे. मशिनमधून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते नाहीसं होत नाही. घरात सगळ्यांत गार जागा शोधून तिथे बसतं. खिडकीची काच, बाहेरच्या भिंतीचे कोपरे, पलंगामागचा भाग. दमट हवा तापवायला जास्त गॅस लागतो असं सांगितलं जातं, पण हवेतल्या वाफेने पडणारा फरक क्षुल्लक आहे. नुकसान होतं ते भिजलेल्या भिंतीमुळे. ओली वीट आणि ओला गिलावा कोरड्यापेक्षा बराच जास्त उष्मा बाहेर जाऊ देतात. शिवाय अशी भिंत आतूनही गार राहते, आणि शेजारी गार भिंत असेल तर खोलीच्या हवेचं तापमान काहीही असो, अंगातली ऊब तिच्याकडे जात राहते. म्हणून माणूस थर्मोस्टॅट वर चढवतो.

यावर उपाय खिडकी उघडण्याचा आहे म्हटलं की लगेच दोन आक्षेप येतात. पहिला, बाहेर सारखा पाऊस, ती ओली हवा आत कशाला घ्यायची? हा आक्षेप आपल्या पावसाळ्याने शिकवलेला आहे, आणि तिथे तो बरोबरच आहे. जुलैत मुंबईची किंवा रत्नागिरीची हवा एका घनमीटरमागे वीस ग्रॅमांहून जास्त पाणी बाळगून असते. खिडकी उघडली तर पापड, मीठ आणि पुस्तकं सगळंच सादळतं. पण 5 अंशांची हवा, पावसाने पूर्ण भरलेली असली तरी, सातेक ग्रॅमांपेक्षा जास्त वाफ धरूच शकत नाही. तीच हवा आत येऊन 20 अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आत येते. म्हणजे इथल्या हिवाळ्यात भर पावसातही बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असते. पावसात खिडकी लावण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय इथे उलटी फिरवावी लागते, आणि ते मनाला पटायला एखादा हिवाळा जातो.

दुसरा आक्षेप पैशाचा: तापवलेली हवा बाहेर सोडायची म्हणजे पौंड खिडकीतून फेकायचे. हिशेब करून पाहू. बारा चौरस मीटरच्या खोलीत साधारण 29 घनमीटर, म्हणजे 35 किलो हवा असते. ती सगळी बदलून 5 अंशांवरून 20 अंशांवर नेण्यासाठी लागणारी उष्णता एका युनिटच्या सातव्या भागाइतकी आहे. गॅस युनिटमागे सहा-सात पेन्स धरला आणि बॉयलरची गळती धरली तरी खर्च एक पेनीच्या आसपास येतो. खोलीतली खरी ऊब भिंती, फरशी आणि सामान धरून ठेवतं. दहा मिनिटांत ते गार होत नाही. त्यामुळे सकाळी उठल्यावर आणि स्वयंपाकानंतर समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघडून दहा मिनिटांत लावून टाकाव्यात. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवणं मात्र वाईट: तिच्यामुळे चौकटीजवळची भिंत गार पडते आणि बुरशी तिथेच धरते. चौकटीवरच्या बारीक झडपांची गोष्ट वेगळी. त्या उघड्याच ठेवायच्या. नव्या भाडेकरूंनी त्यांना चिकटपट्टी लावलेली हमखास दिसते.

खिडकी न उघडण्यामागे आणखी एक कारण असतं, जे कोणी उघड बोलत नाही: फोडणीचा वास. शेजारी काय म्हणतील म्हणून स्वयंपाकघर बंद ठेवून हिंग-मोहरीची फोडणी देणारी कितीतरी घरं आहेत. या लाजेची किंमत भिंतींना मोजावी लागते, आणि ती लाज सोडून देण्याजोगी आहे. हवा फिल्टरमधून पुन्हा आतच सोडणारा पंखा वाफेला काही करत नाही; तेव्हा तुमच्या शेगडीवरच्या पंख्याचा पाइप खरोखर बाहेर जातो का, हे घर घेतानाच बघावं. स्वयंपाक चालू असताना घराच्या आतल्या बाजूचं दार बंद ठेवावं. कपड्यांसाठी एक खोली ठरवून तिथे डिह्युमिडिफायर लावावा. मध्यम आकाराचं यंत्र दोनशे-अडीचशे वॉट घेतं, तासाला सहा-सात पेन्स, आणि त्यातली जवळजवळ सगळी वीज ऊब होऊन खोलीतच राहते. रेडिएटरवर कपडे टाकले तर ऊब खोलीत जाण्याआधीच कपड्यांतलं पाणी ती खातं.

ओल आटोक्यात आली की बॉयलरकडे वळता येतं. इथेही ऊब न घटवता होणारी बचत खोलीच्या थर्मोस्टॅटवर नसून बॉयलरच्या अंगावरच्या एका बटणावर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 पासून बसवलेले बहुतेक बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत. जळलेल्या गॅसच्या धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता परत मिळवणं, हे त्यांचं वैशिष्ट्य. पण रेडिएटरांमधून फिरून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच ते साधतं. बसवणारा मात्र बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान अनेकदा 75-80 अंशांवर ठेवून निघून जातो, आणि महागडं यंत्र जन्मभर साध्या बॉयलरसारखं चालतं. कॉम्बी बॉयलर असेल, म्हणजे घरात गरम पाण्याची टाकी नसेल, तर रेडिएटरचं चिन्ह असलेलं बटण 60 किंवा त्याखाली आणावं. गॅसमध्ये 6 ते 8 टक्के बचतीचा अंदाज सांगितला जातो. नळाचं चिन्ह असलेलं बटण वेगळं असतं, त्याचा यात संबंध नाही. टाकी असेल तर हा उपाय जपून: टाकीतलं पाणी 60 अंशांपर्यंत तापायलाच हवं, नाहीतर त्यात लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात. रेडिएटर आता हात भाजण्याइतके तापणार नाहीत, घर हळू तापेल. टायमर अर्धा-पाऊण तास आधी लावला की झालं. बॉयलरचं आवरण मात्र उघडायचं नाही, ते काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचं.

थर्मोस्टॅटबद्दल दोन समज घट्ट आहेत. 28 वर ठेवला की घर लवकर तापतं, हा एक. ते त्याच वेगाने तापतं, फक्त थांबायचं विसरतं. मंद आचेवर चोवीस तास चालू ठेवलेलं स्वस्त पडतं, हा दुसरा. उष्णता किती जाणार हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं, त्यामुळे घर रिकामं असताना तापवलेला प्रत्येक तास वाया. घर 15-16 अंशांच्या खाली जाऊ न देणं एवढी एकच सवलत, आणि तीही पुन्हा ओलीसाठीच. माणसं घरात असताना 18 अंश ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान पातळी आहे. तान्हं बाळ किंवा सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील असतील तर त्याहून दोन-तीन अंश वर ठेवा, तिथे काटकसर नको. आपण घरात अनवाणी फिरतो, आणि जुन्या घरांत लाकडी फरशीखाली मोकळी हवा खेळत असते. बैठकीखाली जाड सतरंजी आणि पायात लोकरी मोजे यांनी जे होतं ते थर्मोस्टॅट दोन अंश वाढवून होत नाही. एक अंश खाली आणला तर हीटिंगच्या खर्चात दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो असं मानतात.

फक्त विजेवर तापणाऱ्या फ्लॅटबद्दल थोडक्यात: विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग असतं, म्हणून भाडं कमी दिसलं तरी आधी ऊर्जा प्रमाणपत्र बघा. ए ते जी अशी श्रेणी असते, पत्त्यावरून कोणालाही सरकारी संकेतस्थळावर ती पाहता येते, आणि इंग्लंड-वेल्समध्ये काही अपवाद सोडता ई-पेक्षा खालचं घर भाड्याने देता येत नाही. दोन्ही बाजूंना घरं असलेलं मधलं घर टोकाच्या घरापेक्षा स्वस्तात तापतं. राहायला गेल्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, आणि गॅसचा मीटर घनमीटरचा आहे की शंभर घनफुटांचा हे बिलाशी ताडून पाहा. ही गफलत झाली तर बिल पावणेतीनपट होतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत रास्त आहे: हे सगळं करूनही भिंत ओलीच राहिली तर? तर दोष सवयींचा नाही, छपराचा, पाइपाचा किंवा भिंतीचा आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. त्याच्या आई-वडिलांच्या तक्रारींवर घर देणाऱ्या संस्थेने त्यांच्याच राहणीमानाकडे बोट दाखवलं होतं. 2022 च्या चौकशीत ते समोर आलं, आणि ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक गृहसंस्थांना ठरावीक मुदतीत ओलीची दखल घ्यायला लावणारा कायदा त्याच्या नावाने लागू झाला. खाजगी घरमालकाच्या तोंडीही पहिलं वाक्य बहुधा तेच असतं, तुम्ही स्वयंपाक फार करता. म्हणून दहा-पंधरा पौंडांचा आर्द्रतामापक घ्या आणि महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ तापमान, आर्द्रता आणि भिंतीचा तारखेसह फोटो असं वहीत टिपून ठेवा. खोली 19 अंश, आर्द्रता 55 टक्के आणि तरीही कोपरा काळा, अशी तीस पानं ईमेलला जोडली की चर्चा तुमच्या कुकरवरून मालकाच्या छपराकडे वळते.