थर्मोकोलची मधपेटी

युरोपातील खेड्यांत शतकानुशतके पेंढ्याच्या वळलेल्या दोरांनी विणलेल्या, घंटेच्या आकाराच्या टोपल्यांत मधमाश्या पाळल्या जात. या टोपल्या उबदार होत्या. परंतु मध काढण्यासाठी पोळे मोडावे लागे, आणि पुष्कळदा सारी वसाहतच मारली जाई. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ साली सुट्या, उचलता येणाऱ्या चौकटींच्या लाकडी पेटीचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा संहार टाळता येऊ लागला. मात्र या पेटीच्या फळ्या जेमतेम दोन सेंटीमीटर जाड. माणसाची सोय झाली. ढोलीच्या जाड भिंतीची ऊब माशीला राहिली नाही.

फिनलंडसारख्या देशात ही उणीव जिवावर बेतू शकते. तेथे माश्या हिवाळ्यात महिनोन्‌महिने पेटीतच राहतात. राणीभोवती एकमेकींना बिलगून त्या गोळा करतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. या श्रमाचे इंधन म्हणजे साठवलेला मध. भिंतीतून जितकी ऊब निसटेल तितका तो अधिक खर्ची पडतो. साठा संपला, तर वसंतापूर्वीच वसाहत उपासमारीने मरते.

म्हणूनच फिनलंड, डेन्मार्क, जर्मनी या देशांत पॉलिस्टायरीनच्या पेट्या रुळल्या. हा पदार्थ म्हणजे आपला थर्मोकोलच, पण सजावटीच्या थर्मोकोलपेक्षा कितीतरी घट्ट. त्यात कोंडलेली हवा उष्णता अडवते. तेवढ्याच जाडीच्या लाकडाच्या मानाने त्यातून सुमारे एकतृतीयांशच उष्णता बाहेर जाते. खरा लाभ वसंतात दिसतो. अळ्यांना ३४ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. ते राखण्यात कमी माश्या गुंतल्या, तर अधिक माश्या पराग आणि मकरंद आणण्यास मोकळ्या होतात. शिवाय थंड झाकणाखाली बाष्प गोठून माश्यांवर ठिबकण्याचा धोकाही घटतो.

तथापि या पेटीचे कौतुक डोळे झाकून करू नये. रिकामी पेटी वाऱ्याने उलटते, म्हणून ती पट्ट्याने बांधावी लागते. (भरल्यावर हलकेपणाचे कौतुक ओसरते, मधाचे वजन काही कमी होत नाही!) उन्हाने पृष्ठभाग भुरभुरतो, म्हणून बाहेरून रंग द्यावा लागतो. मुंग्या आणि मेणकिड्याच्या अळ्या तिच्या भिंती पोखरतात. सर्वांत गंभीर प्रश्न रोगाचा. अळ्या कुजवणाऱ्या फाउलब्रूड रोगाचे बीजाणू अनेक वर्षे जिवंत राहतात. लाकडी पेटी आतून ज्योतीने भाजून शुद्ध करता येते. थर्मोकोल त्या ज्योतीने वितळेल. तो धुण्याच्या सोड्याने घासून जंतुनाशक द्रावणात बुडवावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, आणि ज्याची त्यासाठी तयारी नाही, त्याने लाकडी पेटीच ठेवावी.