सलाईनचा थेंब आणि उष्णतेचे मोजमाप

घरातले कोणी दवाखान्यात दाखल झाले की खाटेशेजारी बसायची वेळ आपल्यापैकी प्रत्येकावर कधी ना कधी येते. बाटली अर्धी राहिलेली असते, शेवटची बस चुकेल अशी भीती असते, घरी लेकरे एकटी असतात. मग कोणीतरी म्हणते, "जरा चाक सैल कर, लवकर संपेल." चाक सैल होते आणि थेंब धावू लागतात. पाणीच तर आहे, त्यात काय बिघडणार, असे आपल्याला वाटते.

बिघडते. कसे बिघडते, हा वेग मोजतात कसा आणि फारच बारीक वेग मोजायला उष्णतेची मदत कशी होते, ते या पाठात समजून घेऊ.

वेग हाही डोसच

गोळी दिवसातून दोनदा घ्यायची असेल तर आपण दहा गोळ्या एकदम घेत नाही. सलाईनचेही तसेच आहे. किती द्यायचे याबरोबर किती वेळात द्यायचे, हेही डॉक्टर ठरवतात. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला सलाईन भराभर गेले तर फुफ्फुसात पाणी साचून धाप लागते. बाटलीत पोटॅशियम मिसळलेले असेल आणि ते वेगाने गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकते.

तान्ह्या बाळाचे तर विचारूच नका. तीन किलोच्या नवजात बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ६० मि.ली. द्यायचे ठरले, तर चोवीस तासांत १८० मि.ली. होतात. म्हणजे तासाला साडेसात मि.ली., चहाचे दीड चमचे. एवढ्याशा हिशेबात चाक थोडे सरकले तरी डोस दुप्पट होतो.

थेंब कसे मोजायचे

बाटलीखाली प्लास्टिकची पारदर्शक कुपी असते, तिच्यात थेंब पडताना दिसतात. मोठ्यांच्या नळीत बहुतेक वेळा २० थेंबांचा एक मि.ली. होतो. बारीक थेंबांच्या नळीत ६० थेंबांचा एक मि.ली. होतो. हा आकडा नळीच्या पाकिटावर छापलेला असतो.

समजा ५०० मि.ली.ची बाटली चार तासांत द्यायची आहे. ५०० ला २० ने गुणले की दहा हजार थेंब झाले. चार तास म्हणजे २४० मिनिटे. भागाकार केला की मिनिटाला साधारण ४२ थेंब येतात. शाळेत जाणारी मुलेही हे गणित करतील. बारीक थेंबांच्या नळीचे गणित याहून सोपे आहे. मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मि.ली.

थेंब अपुरे पडतात तेव्हा

पण काही औषधे तासाला फक्त एक मि.ली. द्यायची असतात. वीस थेंबांच्या नळीत त्याचा अर्थ तीन मिनिटांत एक थेंब. घड्याळ लावून बसले तरी हा वेग नीट मोजता येत नाही. शिवाय द्रव बदलला की थेंबाचा आकारही थोडा बदलतो.

म्हणून अतिदक्षता विभागात सिरिंज पंप वापरतात. त्यातली मोटर सिरिंजचा दट्ट्या हळूहळू पुढे ढकलते. पण दट्ट्या किती सरकायला हवा एवढेच पंपाला ठाऊक असते. नळीला पीळ पडून ती बंद झाली, तर आत दाब वाढल्यावर पंप ओरडतो, आणि वेग फार कमी असेल तर दाब वाढायलाच बराच वेळ जातो. तोवर रोग्याला औषध मिळत नाही. म्हणून नळीतून प्रत्यक्ष किती वाहते, हे मोजणारे काहीतरी हवे. इथे उष्णता कामाला येते.

शेकोटीचे तत्त्व

थंडीत आपण शेकोटीभोवती बसतो. वारा नसेल तर दोन्ही बाजूंच्या माणसांना सारखीच ऊब मिळते. वारा सुटला की एका बाजूच्या माणसाला झळ लागते आणि समोरचा कुडकुडतो. वारा कुठून कुठे वाहतो हे त्यावरून कळते, आणि दोघांच्या उबेत किती फरक पडला यावरून वाऱ्याचा जोरही कळतो.

उष्णतेचा प्रवाहमापक असाच चालतो. नळीच्या भिंतीला लागून मध्ये एक अगदी छोटा हीटर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तापमान मोजणारे दोन सेन्सर असतात. द्रव थांबलेला असेल तर दोन्हीकडे तापमान सारखे राहते. द्रव वाहू लागला की तो उष्णता पुढे नेतो. मग पुढचा सेन्सर गरम होतो, मागचा थंड पडतो, आणि दोघांतल्या फरकावरून वेग काढता येतो. मिनिटाला एका मि.ली.चे काही हजारांश इतका बारीक प्रवाहही असा मोजता येतो. हीटर द्रवाला थोडेसेच तापवतो. आत फिरणारा एकही भाग नसतो. सेन्सर नळीच्या बाहेरच्या अंगाला ठेवता येतात, त्यामुळे औषधाला स्पर्श होत नाही.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. तापलेल्या बारीक तारेवरून जाणारा प्रवाह तिची किती उष्णता काढून नेतो, याचे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली मांडले. गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या मुलांना याच जातीचा सेन्सर ओळखीचा असेल. अनेक गाड्यांच्या इंजिनात जाणारी हवा अशाच तापलेल्या तारेने मोजतात.

डोक्यात पाणी साठणाऱ्या बाळांच्या कातडीखाली शंट नावाची नळी बसवतात. ती वाहते की नाही हे पाहायलाही हीच युक्ती वापरता येते, फक्त उलटी. नळीवरच्या कातडीवर बर्फ ठेवायचा आणि खालच्या बाजूला तापमान पाहायचे. तिथे गारवा पोहोचला तर नळी वाहते आहे.

यंत्र कुठे कमी पडते

प्रत्येक द्रव उष्णता सारखी नेत नाही. सलाईनसाठी जुळवलेला मापक स्निग्ध द्रवाला चुकीचा आकडा दाखवेल. हवेचा बुडबुडा आला तरी आकडा बिघडतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, नळीतून किती गेले एवढेच यंत्र सांगते, ते कुठे गेले हे सांगत नाही. सुई शिरेतून निसटली असेल तर तेच पाणी मांसात साचते. ते ओळखायला माणसाची नजरच लागते.

आपण काय करायचे

आपल्या साध्या वॉर्डात सहसा चाक, थेंब आणि सिस्टरची नजर हेच मोजमाप असते. तेव्हा एवढे नक्की करा.

१. बाटली लावताना सिस्टरांना विचारा, "ही किती तासांत संपायला हवी? मिनिटाला किती थेंब?" उत्तर कागदावर लिहून ठेवा.

२. अधूनमधून पूर्ण एक मिनिट थेंब मोजा. रोग्याने हात वाकवला किंवा कूस बदलली की वेग बदलतो, तेव्हा पुन्हा मोजा.

३. फरक दिसला तर सिस्टरांना हाक मारा. चाकाला आपण हात लावायचा नाही, आणि पंपाचा आवाज आपण बंद करायचा नाही.

४. सुईच्या जागी सूज, दुखणे, लाली किंवा गारठा जाणवला, किंवा रोग्याला धाप लागली, थंडी वाजली, छातीत धडधडले, तर लगेच सांगा.

५. बाटली संपत आली की आधीच कळवा.

वॉर्डात एका सिस्टरकडे पुष्कळ रोगी असतात. अशा वेळी खाटेशेजारी बसून थेंब मोजणारी आई, बहीण किंवा मुलगा रोग्याच्या मोठ्या उपयोगी पडतो. बस चुकली तर दुसरी मिळेल. चाक जिथे आहे तिथेच राहू द्या.