खडकवासल्याला नेऊ नकोस

चि. बाळास,



काल रात्री ताईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "रविवारी हा मित्रांबरोबर खडकवासल्याला चाललाय, टाकीतले ते दोन मोठे मासे सोडायला." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. नीट वाच.

ते दोन मासे म्हणजे सकरच ना? दिवाळीत पाहिले तेव्हाच त्यांना टाकीत वळायला जागा उरली नव्हती. दुकानदाराने बोटभर असताना दिले, काच स्वच्छ ठेवतात म्हणून. हातभर वाढतात हे त्याने सांगितलं नाही, यात तुझा दोष नाही. पण रविवारी तू ते धरणात सोडलेस, तर तो दोष तुझा असेल आणि तो पुन्हा पुसता येणार नाही.

ताई सांगत होती, तू त्याला 'जीवदान' म्हणतोस. बाळा, कुणाला जीवदान? हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. अंगावर हाडांचं चिलखत, परांना काटे, त्यामुळे आपल्याकडचा मोठा मासासुद्धा त्याला सहसा गिळत नाही. पाण्यातला प्राणवायू संपला तर वर येऊन हवा गिळतो आणि जगतो. नदीच्या काठात बिळं करून अंडी घालतो, नर तिथे राखण करत बसतो. अशा माशाला आपलं धरण म्हणजे मोकळं रान. खडकवासल्यातून मुठा, मग मुळा-मुठा, मग भीमा, आणि खाली उजनी. उजनीतल्या मासेमारांच्या जाळ्यात सकर आधीच येतोय. त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं, तो सोडवताना हात फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या घरात काय शिजतं, हे त्या दिवशीच्या जाळ्यावर ठरतं. तुझ्या दोन माशांनी काय होणार, असं म्हणू नकोस. प्रत्येकाने दोनच सोडले होते.

मुठेवरची जलपर्णी तू रोज पुलावरून बघतोस. इथे कोल्हापुरात पंचगंगेतही तीच. तीही कुणीतरी फुलं सुंदर म्हणून, शोभेसाठीच आणली होती.

आणि "मग आपलेच देशी मासे सोडले तर?" असं तू मागे विचारलं होतंस, गणपतीत, आप्पाआजोबांच्या खोलीत बसून. तेव्हा पाहुणे आले आणि उत्तर राहिलं. आता देते. खडशी महसीर आपला मासा. कर्नल साइक्सने १८३९ साली त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरून. लोणावळ्याला त्याची पिल्लं वाढवली गेली आणि चांगल्या हेतूनेच ती दूर कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिथला स्वतःचा महसीर होता, पाठीला उंचवटा असलेला, माणसाएवढं वजन गाठणारा. आपल्या खडशीने तिथे बस्तान बसवलं आणि तो मागे पडत गेला. त्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून यादीत गेला. आपलाच मासा, आपल्याच देशातली नदी, तरीही हे झालं. म्हणून सांगते, परदेशी असो की देशी, टाकीतला मासा नदीत जायचा नाही. खडकवासल्याला तर नाहीच.

आता दुसरं, जे ताईला नीट सांगता आलं नाही पण मला कळलं. टाकी रिकामी झाली की तुम्ही आंबोलीला जाणार, ओढ्यांतून "कुणाकडे नसलेले" मासे पकडायला. हे ऐकून मला सकरपेक्षा जास्त भीती वाटली. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, २०२० साली लोच जातीचा एक नवा मासा सापडला. शिस्टुरा हिरण्यकेशी असं त्याचं नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सह्याद्रीतले असे कितीतरी मासे एखाद-दुसऱ्या ओढ्यापुरतेच आहेत. तिथे चार हौशी पोरं जाळी घेऊन उतरली तर किती उरणार? मिस केरळचं तेच झालं. लाल-काळ्या पट्ट्याचा तो देखणा मासा परदेशी टाक्यांसाठी केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतून इतका उपसला की तो संकटग्रस्त झाला, आणि २०२२ च्या कायद्यातल्या बदलाने त्याला संरक्षित प्राण्यांच्या यादीत घ्यावं लागलं. आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोचही संकटग्रस्त आहे आणि तरी दुकानात येतो. बहुतेक नदीतूनच येतो.

रागावून लिहितेय असं वाटेल. वेगळं काही पाळावंसं वाटणं मला मुळीच चुकीचं वाटत नाही. सगळ्यांकडे गोल्डफिश आणि गप्पी असताना तुला दुसरं काही बघायचंय, हा तुझा गुण आहे. आप्पांचाच तो.

तुझी टाकी दोन फुटी, पाणी साधारण पन्नास लिटर. एवढ्यात मोठा मासा नकोच. स्पाइकटेल पॅराडाइज फिश म्हणून एक आहे, कोकण-गोव्यापासून केरळपर्यंतच्या संथ पाण्यातला, बोटापेक्षाही आखूड. दुकानात कोपऱ्यात फिकट दिसतो म्हणून कुणी विचारत नाही. पण दोन-तीन वाळकी बदामाची पानं (आपल्या रस्त्यावरच्या देशी बदामाची, धुऊन) पाण्यात टाक, उजेड मंद ठेव आणि वाट बघ. नराला रंग चढतो, पानाखाली तो बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि पडलेलं अंडं तोंडात उचलून परत वर नेऊन ठेवतो. तासन्तास बघावं असं ते असतं. हे मासे वरची हवा घेतात, त्यांना जोराचा प्रवाह सोसत नाही, तेव्हा फिल्टर अगदी हळू लाव. किंवा बॅडिस घे, उत्तरेकडचा, दोन इंचाचा, मूड बदलला की रंग बदलणारा. तो मात्र कोरडं खाणं बहुधा तोंडात घेत नाही, डासांच्या अळ्या, किडे असं जिवंत काही द्यावं लागतं. रोज जमणार असेल तरच आण. पॅनचॅक्सही चांगला, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला, पण झाकण नसेल तर सकाळी फरशीवर सापडेल. आणि गुलाबी-हिरव्या ठिपक्यांचे काचमासे दिसले तर घेऊच नकोस. तो रंग सुईने टोचलेला असतो.

कुठलाही घे, पण आधी विचार कुठून आला. कोलकात्याहून, चेन्नईच्या कोलत्तूरहून पैदास केलेले मासे येतात. चांगला दुकानदार सांगतो. उत्तर टाळलं तर उठून ये. पोट खपाटीला गेलेले, पर फाटलेले, पुढे टाकलेलं खाणं न खाणारे मासे बहुतेक ओढ्यातले असतात. पैसे देण्याआधी तुझ्यासमोर खायला घालायला सांग.

सकर गेले म्हणून फिल्टर बंद करू नकोस. स्पंज नळाखाली धुऊ नकोस, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि मग अमोनिया साठून नवे मासे मरतात. टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळून घे. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेव. बदललेलं पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घाल.

आणि एक वही कर. ही माझी विनंती समज. मी एम.एस्सी.ला असताना सरांनी विचारलं होतं, पंचगंगेतल्या माशांवर काम करशील का म्हणून. आप्पा म्हणाले, मुलीने नदीवर एकटीने फिरायचं नाही. मी वाद घातला नाही. तेव्हा आपल्या मळ्याखालच्या डोहावर एक म्हातारे भोई यायचे. त्यांना प्रत्येक माशाचं नाव, विणीचा महिना, कुठल्या दगडाखाली कोण असतो, सगळं ठाऊक होतं. मी काठावर बसून ऐकायचे. एक ओळही उतरवून घेतली नाही. त्यांच्याबरोबर ते सगळं गेलं, आणि डोहही आता तसा नाही. अजूनही नदीवरून जाताना जीव चुटपुटतो. तुझ्या टाकीतल्या त्या न विचारल्या जाणाऱ्या माशाने कधी घरटं बांधलं, काय खाल्लं, कशाला घाबरला, हे लिहून ठेवलंस तर मला फार बरं वाटेल. या माशांविषयी मराठीत लिहिलेलं फारच थोडं आहे.

आंबोलीला जायचं तर जा. पावसात मीही येईन. जाळी नको, नुसतं काठावर पालथं पडून बघू.

ते दोन्ही सकर माझ्याकडे घेऊन ये. परसातला हौद मोठा आहे, कुठल्या ओढ्याला जोडलेला नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या खोक्यात अर्धं पाणी, अर्धी हवा ठेवलीस तर पुणे-कोल्हापूर ते आरामात सोसतील, चिवट असतात. जगतील तितके दिवस मी सांभाळीन. ताईला सांगितलंय, पोराला बोलू नकोस, मी बोलले तेवढं पुष्कळ झालं. टाकीच्या झाकणाच्या काचेचे पैसे मी देते, दाजींना कळवायची गरज नाही.

ताई म्हणते उभ्या-उभ्या जेवतोस. बसून जेवत जा रे. रात्रीच्या बसने येऊ नकोस, सकाळची पकड, आणि कराड सोडलं की फोन कर, मी भाकरी थापायला घेते.

तुझी,
मावशी