दुकानदाराला पटेल असं लिहा

पटवून देणारा निबंध शिकायचा तर विषय पेठेतलाच घेऊ. २०२१ पासून पुणे महापालिका ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. हे वर्षातून एकदाच का?

आधी दावा एका वाक्यात लिहा. ‘लक्ष्मी रस्त्यावर फार गर्दी असते’ हा दावा नव्हे, त्याला नाही कोण म्हणेल? ‘दर रविवारी संध्याकाळी चार ते नऊ उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक हा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवावा’ असं लिहिलं की वाद घालायला जागा होते.

मग वाचक ठरवा. पायी फिरायची हौस असलेल्यांना हे पटलेलंच आहे. पटवायचं आहे ते साड्यांच्या दुकानदाराला.

आता त्याची बाजू लिहा, स्वतःची लिहिण्याआधी. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर बाहेरगावाहून गाडी करून येतं. ते गठ्ठे घेऊन कुठवर चालणार? माल कधी उतरवायचा? वाड्यातल्या आजींना रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर? वाचून तो ‘हेच म्हणतोय मी’ म्हणाला पाहिजे. हे तंत्र पुण्याला जुनंच आहे. १८८२ साली इथे छापल्या गेलेल्या ‘स्त्री पुरुष तुलना’मध्ये ताराबाई शिंदे बायकांवरचे आरोप एकेक करून समोर घेतात आणि तेच दोष पुरुषांत नाहीत का, असं विचारतात. आरोप टाळले असते तर पुस्तकाला ती धार आली नसती.

उत्तर देताना खरं आहे ते कबूल करा: रुग्णवाहिका सोडावीच लागेल, माल दुपारपूर्वी उतरवता येईल. त्यातून दावा लंगडा होत नाही, उलट राबवण्याजोगा होतो.

मुद्दे तीन पुरेत. सगळ्यात जोरकस शेवटी, त्याच्या खालचा पहिला. मधला अगदीच लेचापेचा वाटला तर काढून टाका. पुरावा मात्र स्वतः गोळा करा. रविवारी संध्याकाळी अर्धा तास एका दुकानाबाहेर उभे राहा आणि गिऱ्हाइकांना गाडी कुठे लावली ते विचारा. बरेच जण मंडईजवळच्या वाहनतळावरून चालतच आलेले निघाले, तर गाड्या बंद झाल्या म्हणून गिऱ्हाईक तुटेल हा आक्षेप तुम्हाला आकड्यानिशी खोडता येईल. तसे निघाले नाहीत, तर दावाच बदला.

सुरुवात सर्वांत शेवटी लिहावी. ‘पुणे तिथे काय उणे’ने तर मुळीच करू नका, परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतो. शेवटी मागणी: कुणाकडे, कधीपासून, किती आठवड्यांच्या चाचणीसाठी.

लिहून झालं की न पटणाऱ्या एखाद्याला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे मध्येच ‘अहो, पण’ म्हणेल, तिथे एक परिच्छेद कमी आहे.